डोळे मिटले की धडधड ऐकू येते

सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. सकाळचे सहा वाजले होते. समोर पांढऱ्या झब्ब्यातले शिक्षक, शेजारी उदबत्ती, आणि एका छोट्या स्पीकरमधून बासरी. "डोळे अलगद मिटा. खोल श्वास घ्या. मनातले सगळे विचार काढून टाका." तिन्ही आज्ञा मी शहाण्या मुलीसारख्या पाळल्या. पहिलं मिनिट बासरी ऐकण्यात गेलं. दुसऱ्या मिनिटाला माझं हृदय माझ्याच कानांत वाजायला लागलं. तिसऱ्याला वाटलं, हे जरा जास्तच जोरात वाजतंय. चौथ्याला मी मांडीवरच्या हाताची नाडी दुसऱ्या हाताने गुपचूप शोधत होते. सहाव्या मिनिटाला उठले, शेजारच्या वहिनींच्या कानात "गॅसवर दूध राहिलंय" म्हणाले आणि चपला हातात घेऊन बाहेर पडले.

दूध फ्रिजमध्ये होतं.

वर्ग 'ताणमुक्तीचा' होता, त्यामुळे शरमही दुप्पट वाटली. बाकी पंचवीस माणसं बुद्धासारखी बसलेली आणि आपल्याला शांत बसण्याचीच भीती वाटते! ध्यान आपल्या प्रकृतीचं नाही, असा निकाल लावून मी कित्येक वर्षं त्या वाटेला गेले नाही. मी त्या दिवशी काही जगावेगळं केलं नव्हतं, हे फार उशिरा कळलं. काळजीखोर माणसं शांत व्हायला बसली की त्यांतल्या काहींची घालमेल उलट वाढते, ही गोष्ट मानसशास्त्रात चाळीस वर्षांहून जुनी आहे. १९८३ साली हाइड आणि बॉरकोवेक या संशोधकांनी कायम चिंतेत असणाऱ्या लोकांना शिथिल होण्याच्या पद्धती शिकवल्या, तेव्हा काहींच्या बाबतीत हेच घडताना त्यांना दिसलं.

असं का होत असावं? काळजी हा मनाचा पहारा असतो. मुलगा अजून घरी का आला नाही, रिपोर्टमध्ये काय येईल, साहेब त्या सुरात का बोलले, या गस्ती घालत मन रात्रंदिवस जागं असतं. त्याला त्रास होतो, पण गस्त घालतोय म्हणून वाडा सुरक्षित आहे अशी त्याची समजूतही असते. अशा पहारेकऱ्याला एकदम सांगायचं, काठी खाली ठेव आणि डोळे मीट. तो दचकणारच. आता तर कोणी बघतच नाहीये, आता चोर येणार!

दुसरं कारण शरीराचं आहे. दिवसभर रिक्षांचे हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, फोनची टिंगटिंग यांत आपल्याला स्वतःची धडधड ऐकू येत नाही. डोळे मिटले की ती ऐकू येते. ज्याला धास्ती नाही तो म्हणतो, "हं, हृदय चालू आहे, बरं आहे." ज्याला आहे तो म्हणतो, "काहीतरी बिघडलंय." डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं जे कोडं उलगडून दाखवलं ते असंच आहे: शरीरातली साधी हालचाल, तिचा भयंकर अर्थ, त्या अर्थाने वाढलेली भीती, भीतीने वाढलेली धडधड, आणि ती बघून 'म्हटलं नव्हतं का!' हे चक्र लक्ष देण्यावर फिरतं. आणि ध्यानाच्या वर्गात पहिली सूचना कुठली, तर लक्ष आत वळवा.

म्हणून धास्तीच्या माणसाने ध्यान करू नये, असं मी म्हणणार नाही. त्याचं दार मात्र वेगळं आहे. सगळ्यांना एकाच दारातून आत ढकललं जातं, ही माझी तक्रार.

त्यातही सर्वांत मोठी तक्रार 'खोल श्वास घ्या' या सल्ल्याविरुद्ध. घाबरलेल्या माणसाला जो तो हेच सांगतो. तो बिचारा छाती फुगवून हवा ओढतो, पुन्हा ओढतो, तिसऱ्यांदा ओढतो, आणि त्याला गरगरायला लागतं. बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. याला कारण आहे. करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले, तेव्हा निरोगी माणसाच्या बोटावर आकडा ९७-९८ च्या आसपास असतो हे सगळ्यांना पाठ झालं. म्हणजे रक्तातला प्राणवायूचा कोठा मुळातच जवळजवळ भरलेला असतो. मोठमोठे श्वास घेऊन त्यात भर फारशी पडत नाही. कमी मात्र होतो तो कार्बन डायऑक्साइड. आपण त्याला टाकाऊ वायू समजतो, पण रक्ताचं आम्ल-अल्कलीचं गणित त्याच्यावर उभं असतं. तो भराभर बाहेर गेला की रक्त थोडं अल्कलीकडे झुकतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, मज्जातंतू चिडखोर होतात. गरगर आणि मुंग्या यांचा उगम इथे. आणि गंमत अशी की हवा भरपूर घेऊनही श्वास पुरत नाहीसं वाटतं, म्हणून माणूस आणखी ओढतो.

तेव्हा श्वासाकडे जायचंच असेल तर बाहेर जाणाऱ्या श्वासाकडून जावं. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंद होतात; हे प्रत्येकाच्या शरीरात, दर श्वासाला, आपोआप चाललेलं असतं. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची लांबलचक नस हा लगाम सांभाळते. उच्छ्वास लांबवला की लगाम जरा जास्त वेळ ओढलेला राहतो. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आले की हृदय, रक्तदाब आणि श्वास यांची लय एकमेकांशी छान जुळते, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. चार आकडे मोजत नेहमीइतकाच श्वास नाकाने आत, सहा आकडे मोजत बाहेर, गरम चहावर फुंकर घालतो तशी. एवढंच. छाती फुगवायची नाही, श्वास कोंडायचा नाही. सहा जमत नसतील तर पाच मोजावेत. शर्यत लागलेली नाही. स्टॅनफर्डच्या एका गटाने २०२३ मध्ये रोज पाच मिनिटं, अठ्ठावीस दिवस, अशा निरनिराळ्या पद्धती लोकांना करायला लावल्या. त्यात लांब सुस्काऱ्यासारखा उच्छ्वास टाकणाऱ्यांचा मूड नुसतं श्वासाकडे बघत बसणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. चिंता मात्र सगळ्याच गटांत थोडीफार उतरली. आपल्याकडे बायका काम आटोपून बसताना "हुश्श" म्हणतात ना, त्यात बरंच शास्त्र आहे म्हणायचं.

काही जणांना श्वास हा विषयच नकोसा असतो. लक्ष दिलं की तो अडखळतो, चालवावा लागतो, नाही चालवला तर थांबेल अशी धास्ती बसते. दम्याच्या लोकांना हे होतं, पॅनिकचा झटका येऊन गेलेल्यांनाही होतं. त्यांनी श्वास बेलाशक सोडून द्यावा. तो स्वतःचं बघून घेतो. मन टेकवायला जागा पुष्कळ आहेत: जमिनीवर टेकलेले तळपाय, पंख्याचा आवाज, हातातल्या कपाचा ऊबदारपणा, खिडकीबाहेरचे आवाज. शरीराच्या मध्यापासून जितकं लांब तितकं सुरुवातीला बरं. छाती आणि पोट हे भीतीचं माहेर. तळपायांना घाबरलेलं मी अजून तरी ऐकलं नाही. डोळे मिटायचीही सक्ती नाही. तीन-चार हातांवर नजर खाली सोडून, अर्धवट उघडे ठेवून बसलं तरी चालतं. बुद्धाच्या पुष्कळशा मूर्तींचे डोळे तसेच अर्धोन्मीलित दिसतात.

बसणंसुद्धा सक्तीचं नाही. बौद्ध परंपरेत चंक्रमण म्हणजे चालता चालता करायचं ध्यान आहे. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या कडेला बुद्धाच्या येरझारांची जागा म्हणून जो लांबट चौथरा दाखवतात, त्याला रत्नचंक्रमच म्हणतात. ज्याचे पाय अस्वस्थपणे हलतात त्याला मांडी घालून दाबून ठेवण्यापेक्षा गच्चीवर पंधरा पावलं जाऊ द्यावं, पंधरा येऊ द्यावं. टाच टेकली, चवडा टेकला, पाय उचलला. घाबरलेल्या शरीरात पळण्यासाठी ताकद गोळा झालेली असते, तिला चालल्याने वाट मिळते.

आता 'विचार काढून टाका'. एका वैद्यबुवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ते पुडी देतात आणि बजावतात, "औषध घेताना माकड मनात आणायचं नाही, नाहीतर गुण येणार नाही." रोगी आयुष्यात कधी माकडाच्या वाटेला गेलेला नसतो, त्या दिवसापासून पुडी उघडली की माकड हजर. अमेरिकेत डॅनियल वेग्नरने १९८७ मध्ये हाच खेळ प्रयोगशाळेत मांडला. त्याचं जनावर पांढरं अस्वल होतं. पाच मिनिटं त्याचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. विचार दडपायचा तर तो आलाय का हे तपासत राहावं लागतं, आणि तपासायला तोच आठवावा लागतो.

शिवाय भरकटणं हा मनाचा आजारही नव्हे. हार्वर्डमधल्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये सव्वादोन हजार लोकांना दिवसभरात केव्हाही फोनवरून गाठून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. ही जागी, कामात असलेली माणसं. मग डोळे मिटून रिकाम्या बसलेल्या माणसाचं मन एका जागी राहावं, ही अपेक्षा कोणी लावली कोण जाणे. पतंजलीने तरी नाही. त्याच्या आठ पायऱ्यांत ध्यान सातवं आहे. आसन, प्राणायाम, प्रत्याहार आधी, मग सहावी धारणा, म्हणजे मनाला एका ठिकाणी बांधण्याचा खटाटोप. आपण हॉलमध्ये जे करतो ते फार तर धारणेची उमेदवारी असते, आणि नाव मात्र वरच्या इयत्तेचं लावतो. गीतेत अर्जुनासारखा लक्ष्यवेधी माणूससुद्धा सहाव्या अध्यायात कृष्णाला म्हणतो की मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे. कृष्ण ते खोडून काढत नाही. अवघड आहेच, असं मान्य करतो आणि अभ्यास व वैराग्य यांकडे बोट दाखवतो.

हा अभ्यास दिसतो कसा, ते मी वाईच्या आत्याकडे पाहिलंय. ती पहाटे गोमुखीत हात घालून जपाला बसायची. जप चालू असताना बोलायचं नाही असा तिचा नेम. पण तिचं लक्ष साऱ्या घरावर असे. दूध वर येताना दिसलं की "हूं! हूं!" करून भुवईने मला गॅस दाखवी. दारात भाजीवाला आला की दोन बोटं वर, म्हणजे दोन जुड्या घे. आणि पुढच्या क्षणी गोमुखीतला मणी सरकलेला असे. एकशे आठ मण्यांत तिचं मन निदान तीस वेळा फिरून येत असेल. त्याबद्दल तिने कधी कपाळावर हात मारलेला मी पाहिला नाही. ढोर पिकात शिरलं तर गुराखी काय करतो? हाकलतो आणि आणतो. ढोर असून पिकात कसं शिरलं, याचा शोक करत बसत नाही. मन गेलं, गेल्याचं कळलं, परत आणलं: ध्यानातला व्यायाम म्हणून जो काही आहे, तो या तीन हालचालींत आहे. मन गेलंच नाही तर व्यायाम घडणार कुठून?

जपाला आणखी एक अंग आहे. इटलीतल्या पाव्हियाच्या लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी मंत्र अशा दोन्हींचे पाठ लोकांकडून करून घेतले आणि त्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या जवळपास उतरला. श्वासाकडे कोणी बघत नव्हतं, आकडे मोजत नव्हतं. शब्दांच्या लांबीनेच उच्छ्वास लांबवला. ज्यांना श्वासाकडे बघवत नाही त्यांच्यासाठी ही मागची वाट फार सोयीची. देवाचं नाव घ्यायचं नसेल तर नका घेऊ. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सनने १९७५ मध्ये आपल्या पुस्तकात लोकांना 'एक' हा साधा शब्द प्रत्येक उच्छ्वासाला म्हणायला सांगितला होता. नास्तिकाचीही सोय झाली.

किती वेळ बसायचं? तीन मिनिटं. खरंच तीन. घड्याळाचा गजर लावावा, म्हणजे 'किती झालं असेल' ही एक काळजी कमी. आठवडाभर कंटाळा आला तरी तीनच, मग पाच. उपाशीपोटी कडक चहा-कॉफी घेऊन लगेच बसू नये. कॅफिनची धडधड आणि भीतीची धडधड यांतला फरक शरीराला कळत नाही. खुर्चीवर बसलात तरी ध्यान भ्रष्ट होत नाही.

आणि बसल्यावर मधेच लाट आली तर? येते. मीही अजून तिला ओळखते: आधी पोटात खड्डा, मग मानेपर्यंत चढणारी ऊब. इथे मला क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तरुणपणी त्यांना स्वतःला धडधडीने पछाडलं होतं. १९६२ पासून त्यांनी सामान्य माणसांसाठी जी पुस्तकं लिहिली, त्यांत पहिली भीती आणि दुसरी भीती असा भेद केला. पहिली शरीराची, विजेसारखी, न विचारता येणारी. दुसरी आपण तिच्यावर रचतो ती: "अरे देवा, पुन्हा आलं, आता काय होणार!" पहिलीवर आपला ताबा नसतो, पहिली लांबते ती दुसरीच्या खतपाण्यावर. अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धाने बाणाच्या दृष्टांतात साधारण हेच सांगितलं होतं. एक बाण लागला, आणि त्या दुखण्यावर चडफडून माणसाने दुसरा बाण ओढवून घेतला. वीक्सबाईंचा उपाय ऐकायला फारच साधा आहे: तोंड द्या, येऊ द्या, हातपाय न मारता तरंगा, वेळ जाऊ द्या. पोहायला शिकवणारे हेच सांगतात. बुडतो तो बहुधा हातपाय झाडणारा.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? डोळे उघडायचे. जे होतंय त्याला मनात साध्या शब्दात नाव द्यायचं: 'धडधड', 'घाम', 'भीती'. 'हार्ट अटॅक' हे नाव नव्हे, तो अर्थ झाला. तळपाय जमिनीवर दाबायचे, खोलीतल्या चार वस्तू सावकाश बघायच्या. वाटलं तर उठायचंही. पण उठण्याआधी आणखी एक उच्छ्वास पुरा करून उठायचं. त्या एका उच्छ्वासाने मेंदूला कळतं की आपण पळालो नाही, निघालो. तरीही रोज बसल्यावर त्रास वाढतच असेल, किंवा जुना आघात, अपघात, मारहाण डोळ्यांपुढे उभी राहत असेल, तर जिद्द करू नये. ब्राऊन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांनी २०१७ मध्ये ध्यान करताना आलेल्या त्रासदायक अनुभवांचा मोठा अभ्यास छापला; भीती, निद्रानाश, आपण आपल्यात नाही असं वाटणं, सगळं त्यात आहे. ध्यानाने कोणाचं वाईट होतच नाही, ही भाबडी समजूत आहे.

याच कारणाने घाबरट नवख्याने पहिली पायरी म्हणून इगतपुरीला धावू नये, असं माझं मत. विपश्यनेबद्दल मला आदर आहे. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून ती घेऊन आले आणि इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र आज जगभर माहीत आहे. पण दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक, फोन नाही, पुस्तक नाही. तिथे अर्जातच मानसिक आजारांविषयी विचारतात, आणि ते उगाच नाही. तिथे खोटं लिहून आत जाणारे भेटतात, तेव्हा मला काळजी वाटते. पोहणं शिकायला कोणी थेट समुद्रात उडी मारत नाही.

ध्यानाचा उपयोग किती, हेही मोजून ठेवलेलं बरं. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा ध्यानाने चिंता उतरते पण बेताने, असं निघालं. २०२२ मध्ये एलिझाबेथ होगे आणि सहकाऱ्यांनी चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर थेट तुलना केली: निम्म्यांना एसिटॅलोप्रॅम हे नेहमीचं औषध, निम्म्यांना जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा सजगतेचा कार्यक्रम. आठ आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखे सुधारले. ही बातमी आली तेव्हा 'गोळ्या फेका, ध्यान करा' असे निरोप फिरले. तसं त्यात काहीही नाही. त्या लोकांना दर आठवड्याला शिक्षक होता आणि घरी रोज पाऊण तास सराव होता. आपली तीन मिनिटं म्हणजे त्याची बालवाडी. चालू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करणं तर धोक्याचंच. धडधड नवी असेल, वजन उतरत असेल, जिना चढताना छातीत दुखत असेल, तर सतरंजी अंथरण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, इसीजी बघून घ्यावं. आणि रात्री-अपरात्री मन अगदीच आवरेनासं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मी पुन्हा सुरुवात केली ती स्वयंपाकघरात, लाकडी स्टुलावर, डोळे उघडे ठेवून. आता पहाटे दूध खरोखरच गॅसवर असतं. मंद आचेवर ठेवते आणि शेजारी बसते. आधी काहीच ऐकू येत नाही, मग पातेल्याच्या कडेला बारीक सूं सुरू होतं, मन मधेच विजेच्या बिलावर जातं, परत येतं, आवाज जाड होत जातो. साय थरथरायला लागली की उठायचं. अजून आठवड्यातून एकदा तरी उतू जातं.